गरिबाच्या कवटीला मापाचे हाड कधी मिळणार?

परांचीवरून पडलेला गवंडी, मोटारसायकलवरून फेकला गेलेला पोरगा, गावगुंडांच्या सळईने डोके फुटलेला आमचा कार्यकर्ता सरकारी दवाखान्यातून जिवंत घरी आला, की वस्ती सुटकेचा श्वास टाकते. डोक्याचे ऑपरेशन झाले, माणूस शुद्धीवर आला, आता काय हवे? मग काही दिवसांनी घरच्यांच्या लक्षात येते की त्याच्या डोक्याची एक बाजू खोल गेली आहे. तिथे बोट लावले तर खाली हाड नाही. कातडीखाली मेंदूची धडधड बोटाला लागते. डॉक्टरांनी सांगितलेले असते, "तीन महिन्यांनी या, हाड बसवू." या तीन महिन्यांची कुठे तीन वर्षे होतात, तर कुठे ते मरेपर्यंत संपत नाहीत. तो माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून दारात बसून राहतो. त्याला कामावर कोणी घेत नाही. स्वतःच्या नातवाला तो मांडीवर घेत नाही, कारण पोराचे डोके चुकून आपल्या डोक्यावर आपटले तर काय, ही धास्ती. बाई असेल तर ती पदराखाली सगळे झाकते आणि कोणाला कळतही नाही.

या रुमालवाल्या माणसांबद्दल आज लिहायचे आहे. त्यांचा मोर्चा कधी निघालेला नाही आणि निघणारही नाही, कारण त्यांना उन्हात उभेच राहवत नाही.

आधी हे भोक पडते कसे ते समजून घेऊ. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. जबर मार लागला की आत रक्त साकळते, मेंदूला सूज येते. हात सुजला तर तो बाहेरच्या बाजूला फुगतो. मेंदूला फुगायला जागाच नसते. तो आपल्याच पेटीत चेंगरतो आणि माणूस दगावतो. म्हणून मेंदूचे सर्जन कवटीचा तळहाताएवढा तुकडा कापून काढतात, मेंदूला जागा करून देतात आणि वरून कातडी शिवून टाकतात. जीव वाचतो तो इथे. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते भोक बुजवायचे असते. या दुसऱ्या ऑपरेशनला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. पहिले ऑपरेशन जिवाचे, म्हणून अर्ध्या रात्रीही होते. दुसरे सवडीने करायचे, म्हणून ते गरिबाच्या बाबतीत राहूनच जाते.

कापलेले हाड जाते कुठे? ते फेकायचे नसते. ते उणे सत्तर-ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात, किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली खिसा करून त्यात ठेवतात. फ्रीझरला अखंड वीज लागते, नोंदवही लागते, लक्ष ठेवणारा माणूस लागतो. त्यामुळे आपल्याकडे पोटाचा खिसाच पुष्कळदा उपयोगी पडतो. गरिबाला आपले हाड आपल्याच पोटात सांभाळावे लागते! पण त्यात वाईट काही नाही. स्वतःचे हाड परत बसले तर त्याच्यासारखे उत्तम दुसरे काही नाही, आणि त्याची किंमतही पडत नाही. अडचण येते ती हाडाचा आधीच चुरा झालेला असेल तेव्हा, त्यात पू झाला तेव्हा, किंवा परत बसवलेले हाड महिन्या-वर्षांत विरघळून गेले तेव्हा. लहान मुलांत हे विरघळणे जास्त दिसते. अशा वेळी बाहेरचे काहीतरी बसवावे लागते, आणि पैशाचा प्रश्न तिथून सुरू होतो.

हा दिसण्यापुरता प्रश्न आहे असे कोणी समजू नये. भोक तसेच राहिले तर वरची कातडी आत ओढली जाते, मेंदूवर बाहेरच्या हवेचा दाब पडतो, डोके ठणकते, चक्कर येते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, काहींच्या हातापायातली शक्ती जाते. १९३९ साली ग्रँट आणि नॉरक्रॉस या दोघा डॉक्टरांनी या लक्षणांच्या गटाला नाव दिले, म्हणजे हे दुखणे वैद्यकाला ऐंशीहून अधिक वर्षे ठाऊक आहे. भोक बुजवल्यावर यातली कित्येक लक्षणे कमी होतात, काही रुग्णांचे तर बोलणे-चालणेही सुधारते. आमच्या वस्त्यांत मात्र अशा माणसाचे काय होते? तो वेड्यासारखा बडबडला, फिट येऊन पडला, की शेजारीपाजारी कुजबुजतात, "याला बाहेरचे आहे." मग देवऋषी येतो, लिंबू येते, कोंबडे येते. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही हे होते, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते पण लपवून उपयोग नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण ज्या बाईला नवऱ्याच्या डोक्यातल्या भोकाचा अर्थ दवाखान्यात कोणी पाच मिनिटे बसून सांगितला नाही, ती भगताकडे गेली तर तिला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. आधी दोष त्या पाच मिनिटांचा.

आता बाहेरून काय बसवतात ते पाहू. भोके बुजवण्याचा खटाटोप जुना आहे. सतराव्या शतकातली एक नोंद आहे. योब व्हान मीकेरेन या डच सर्जनने १६६८ साली नोंदवून ठेवले की एका रशियन उमरावाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवले होते. जखम भरून आली, पण हाड कुत्र्याचे म्हणून चर्चने त्या माणसाला बहिष्कृत केले आणि बिचारा ते काढून घ्यायला पुन्हा डॉक्टरकडे गेला, अशी ती हकीकत. विटाळ हा काही फक्त आपल्याच देशाचा रोग नाही!

पुढे सोने, चांदी, ॲल्युमिनियम सगळे करून झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ॲक्रिलिक आले, ज्याची दातांची कवळी बनते तेच. त्याला दवाखान्यात बोन सिमेंट म्हणतात. पावडर आणि द्रव मिसळून कणकेसारखा गोळा होतो, सर्जन तो हाताने दाबून भोकाच्या आकाराचा करतो, आणि काही मिनिटांत तो गरम होऊन घट्ट होतो. हे स्वस्त आहे. लहान भोकाला चांगलेही आहे. टायटॅनियमची जाळी कात्रीने कापून, वाकवून स्क्रूने बसवतात, तीही चालते. पण भोक मोठे असेल, कपाळाजवळ किंवा डोळ्याच्या खोबणीजवळ असेल, तर हाताने दिलेला आकार जमेलच असे नाही. कुठे उंचवटा राहतो, कुठे कड टोचते, कुठे फट राहते. टेबलावर रुग्ण भुलीखाली असताना हे घडवत बसायचे म्हणजे वेळही वाढतो.

मापाचे इम्प्लांट यासाठीच आले. सिटी स्कॅनमध्ये डोक्याचे मिलिमीटरभर जाडीचे कापच्या काप चित्रात उतरतात. संगणक ते एकावर एक रचून पूर्ण कवटी उभी करतो. समजा उजवी बाजू गेलेली आहे. मग डाव्या चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन ती उजवीकडे ठेवायची आणि भोकाच्या कडांशी जुळवून नेमका तुकडा आखायचा. हा तुकडा टायटॅनियमच्या भुकटीतून थेट छापता येतो, किंवा 'पीक' नावाच्या टणक प्लास्टिकच्या ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढता येतो. २०१३ साली अमेरिकेत त्याच घराण्यातल्या प्लास्टिकच्या छापील तुकड्याने एका माणसाच्या कवटीचा तीन चतुर्थांश भाग भरून काढला. ऑपरेशनच्या दिवशी तो तुकडा पेटीतून काढायचा आणि झाकणासारखा बसवायचा. संसर्गाचा धोका यालाही आहे आणि वाढत्या वयाच्या मुलात कडक तुकडा बसवताना पुढचा विचार करावा लागतो. तेव्हा हे काही जादूचे हाड नाही. पण मोठे भोक असणाऱ्यासाठी यासारखा दुसरा इलाज नाही.

२०१८ साली पुण्यात चार वर्षांच्या एका मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग अमेरिकेतून बनवून आणलेल्या अशाच मापाच्या तुकड्याने भरून काढण्यात आला. वृत्तपत्रांनी मोठमोठ्या अक्षरांत छापले, देशातले पहिले कवटी प्रत्यारोपण! प्रत्यारोपण कसले? दुसऱ्याचा अवयव काढून लावला तर ते प्रत्यारोपण. इथे दाता कोणी नव्हता, कारखाना होता. मुलगी बरी झाली याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्या दिवशी एकाही मथळ्यात हा प्रश्न नव्हता की सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात रुमाल बांधून बसलेल्यांना हा तुकडा कधी मिळणार? प्रस्थापितांच्या पत्रकारितेला चमत्कार आवडतो, रांग आवडत नाही.

माप हा शब्द आम्हाला वेगळ्याही कारणाने टोचतो. आमच्या माणसांची डोकी आणि नाके याआधीही मोजली गेली आहेत. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने पट्टी आणि कंपास घेऊन हिंदुस्थानातल्या जातींची मोजमापे करवली, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची असा सिद्धांत मांडला. जात म्हणजे वंश, आणि वंश हाडात असतो, म्हणजे जात हाडातच आहे, असे ते शास्त्र. बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य' या ग्रंथात, डॉ. घुर्ये यांनी दिलेल्या मोजमापांचाच आधार घेऊन, हे शास्त्र उधळून लावले. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे त्यांनी विरोधकांच्याच आकड्यांनी दाखवून दिले. आज सिटी स्कॅनचे यंत्र रिस्लेपेक्षा हजार पटीने बारीक माप घेते आणि त्याला कोणाची जात दिसत नाही. हाड ते हाड. जात दिसते ती बिलाच्या खिडकीवर.

कारण डोके फुटते कोणाचे? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. जे मेले ते मोजले गेले. जे डोक्यात भोक घेऊन जगले त्यांचा आकडा या तक्त्यात नाही. बांधकामावर तर हेल्मेट मुकादमाच्या डोक्यावर असते आणि विटा वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ. स्लॅब भरणारे, सेंट्रिंग लावणारे, विहिरी खोदणारे, गटारात उतरणारे, ऊसतोडीला जाताना ट्रॉलीवर बसणारे कोण आहेत हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

यावर सत्ताधारी म्हणतील की योजना आहे. आहेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव दिले, २०२३ साली मर्यादा ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. नाव फुल्यांचे आहे म्हणून आमची अपेक्षाही मोठी आहे. पण योजनेत पॅकेज असते आणि पॅकेजला दर असतो. कवटीच्या ऑपरेशनचा दर आणि मापाने घडवलेल्या तुकड्याची किंमत यांचा मेळ बसेलच असे नाही. 'पीक'चा तुकडा लाखाच्या घरात जातो. मग काय होते? रुग्णाला बोन सिमेंटवर भागवतात, किंवा चिठ्ठी लिहून "बाहेरून आणा" म्हणतात, किंवा पुढची तारीख देतात. पाच लाखांची मर्यादा कागदावर तशीच राहते आणि डोक्याचे भोकही तसेच राहते.

किंमतीवर लगाम घालता येत नाही असेही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने हृदयाच्या औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि लाखाच्या वर विकला जाणारा स्टेंट एका रात्रीत खाली आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचीही कमाल किंमत ठरली. कवटी त्या रांगेत आली नाही. हृदय आणि गुडघा मध्यमवर्गाचेही दुखतात, त्यांचा आवाज दिल्लीत पोचतो. फुटक्या कवटीचा आवाज पोचवणारे कोण?

एक कायद्याची बाजूही आहे, तिच्याकडे आमच्या वकील मंडळींनी लक्ष द्यावे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ सालच्या सुधारित नियमांत अत्याचारग्रस्ताच्या अपंगत्वाच्या टक्केवारीवर मदत ठरवली गेली: शंभर टक्क्यांना ८ लाख २५ हजार, पन्नास ते शंभरला साडेचार लाख, पन्नासच्या आत अडीच लाख. आता कुऱ्हाडीच्या तुंब्याने कवटी फोडलेल्या माणसाला बाहेरून दोन हात, दोन पाय, दोन डोळे शाबूत दिसतात. त्याचे टक्के किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात कवटीतील भोक हा स्वतंत्र प्रकार नाही. लकवा असेल तर लकव्याचे टक्के मिळतील. लकवा नसेल, फक्त हाड नसेल, तर तो माणूस कागदावर धडधाकट! त्याच नियमांत तातडीच्या मदतीत वैद्यकीय साहाय्यही धरलेले आहे. ते साहाय्य पहिल्या ऑपरेशनला संपते की कवटी बंद होईपर्यंत चालते, हा वाद एकदा कोर्टात नेऊन पाहायला हवा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराच्या आजारपणाचा खर्च विम्यातून व्हावा यासाठीचा अडारकर अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत तयार झाला आणि पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. पण तो कारखान्यातल्या कामगाराला लागू पडला, नाक्यावर उभा राहणारा मजूर त्यात कधीच नीट बसला नाही. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो तो याच मजुरासाठी. त्या पैशातून भांड्यांचे संच वाटले गेले, पेट्या वाटल्या गेल्या. भांडी कोणाला नको असतात? पण ज्याचे डोके स्लॅबवरून पडून फुटले त्याला आधी डोक्याचे झाकण द्या, मग कुकरचे.

या विषयावर लिहिताना जीवकाची आठवण होणे साहजिक आहे. राजगृहाच्या गणिकेचा उकिरड्यावर टाकलेला मुलगा, तक्षशिलेला शिकून भगवान बुद्धांचा वैद्य झाला. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे की सात वर्षे डोकेदुखीने पिडलेल्या राजगृहाच्या एका श्रेष्ठीला त्याने खाटेला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीची शिवण उघडून दोन किडे काढले आणि पुन्हा शिवून लेप लावला. श्रेष्ठीने एक लाख राजाला आणि एक लाख जीवकाला दिले. म्हणजे कवटीचे ऑपरेशन तेव्हाही श्रेष्ठींनाच परवडत होते! पण त्याच महावग्गात दुसरीही एक गोष्ट आहे. जीवक भिक्खुसंघाचा वैद्य होता, संघात उपचार होत, म्हणून मगधातले रोगी लोक केवळ औषधासाठी चीवर घालून संघात शिरू लागले. शेवटी जीवकाच्याच विनंतीवरून तथागतांना पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या न देण्याचा नियम करावा लागला. आम्हाला यातला नियम महत्त्वाचा वाटत नाही. उपचारासाठी घरदार सोडून मुंडण करायला तयार झालेली ती माणसे महत्त्वाची वाटतात. त्यांच्या राजाने दवाखाने काढले असते तर संघावर ती पाळी आली नसती.

मग करायचे काय? परदेशी तुकडा आणा असे आमचे म्हणणे नाही. सिटी स्कॅन सरकारी मेडिकल कॉलेजात आहेच, त्यातली चित्रे संगणकात पडलेली आहेत. त्यावरून तुकडा आखणे हे पदवीधर अभियंत्याचे काम आहे. टेबलावर मावणाऱ्या साध्या थ्रीडी प्रिंटरवर साचा छापायचा आणि तो निर्जंतुक करून त्यात तेच स्वस्त बोन सिमेंट ओतायचे, ही पद्धत जगातल्या कित्येक गरीब देशांतल्या सर्जनांनी वापरली आहे. आकार मापाचा मिळतो, खर्च लाखात जात नाही. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून वैद्यकीय उपकरणे घडवण्याचे 'बेटिक' नावाचे केंद्र आहे, राज्य सरकारच्या मदतीने उभे राहिलेले, आणि त्याच्या शाखा पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत निघाल्या. म्हणजे डोकी आहेत, यंत्रे आहेत, विद्या आहे. नाही ती एवढीच व्यवस्था की नागपूरच्या मेडिकलमधला स्कॅन शहरातल्याच व्हीएनआयटीत जावा आणि साचा परत यावा. प्रत्येक मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजात असा एक कक्ष काढा, त्यात अभियंत्यांची पदे मंजूर करा आणि ती कंत्राटी न ठेवता आरक्षणासह भरा. शिष्यवृत्तीवर बायोमेडिकल शिकलेली आमची पोरे आज दुकानांतून मशीनची विक्री करत फिरतात, त्यांना हे काम द्या. लोहार, सुतार, कुंभार यांच्या नातवांना हाताचे माप शिकवावे लागत नाही.

आणि हेल्मेटही सक्तीचे करा, मुकादमासाठी नव्हे, विटा वाहणारीसाठी.

दरम्यान वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. डोक्याचे ऑपरेशन झालेला माणूस घरी येईल तेव्हा त्याचे डिस्चार्ज कार्ड वाचावे. काढलेले हाड पोटात ठेवले आहे, फ्रीझरमध्ये आहे की टाकून दिले, हे त्यावर लिहिलेले नसेल तर लिहून मागावे. सिटी स्कॅनची फिल्म नव्हे, सीडी मागावी, कारण मापाचा तुकडा सीडीवरूनच आखतात. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख वहीत टिपून त्या दिवशी रुग्णाबरोबर एकाने जावे, आरोग्यमित्राला भेटावे, समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. योजनेत नाही म्हटले तर ते लेखी घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. त्या निधीतून कवटीचे इम्प्लांट मागण्याचा अर्ज साध्या कागदावर करता येतो. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाची प्रत जोडावी, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.